लिम्बो आता वापरत नाहीत

तुम्ही तो शब्द परत नेलात आणि कुणाला कळवलं नाहीत. हा तुमच्यावर आरोप आहे, आणि तो मऊ करून सांगण्यात अर्थ नाही. देताना तुम्ही तो वेदीवरून दिलात, लहान पोरांकडून घोकून घेतलात, रडणाऱ्या बायांच्या तोंडावर मारलात. नेताना मात्र चपला हातात घेऊन नेलात, झोपलेल्या घरातून सटकावं तसा. तुम्ही म्हणजे कोण ते तुम्हाला माहीत आहे. एखादा फादर नव्हे. फादर येतात आणि बदलून जातात. त्यांच्या वर जे बसतात, त्यांच्याही वर जे बसतात, ज्यांच्यापर्यंत जिना जातो पण बाईमाणसाचा आवाज जात नाही, ते तुम्ही.

शब्द होता लिम्बो.

आजच्या पोरांना तो सरबताचं नाव वाटेल. पण चर्चच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या इस्त्रीमावशीला तो परकर-पोलक्याच्या वयापासून पाठ होता. धर्मशिक्षणाच्या वर्गात मास्तर छडी टेबलावर आपटून विचारायचे, बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडायच्या आत जे बाळ मरतं ते कुठं जातं? सगळ्या पोरी एका सुरात ओरडायच्या, लिम्बोत! तिथं काय नसतं? दुःख नसतं! आणखी काय नसतं? देवाचं दर्शन नसतं! ओरडून झालं की मधली सुट्टी. त्या वयात मावशी सगळ्यात मोठ्यानं ओरडायची, कारण तिला बाहेर जाऊन दोरीवरच्या उड्या मारायच्या असत.

पुढे तिचं लग्न एका गवंड्याशी झालं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तीही चारचौघांत मिस्त्रीच म्हणायची आणि घरात अहो. माणूस सरळ. भिंत वाकडी दिसली तर दुसऱ्याच्या दारात उभा राहून हळहळणारा.

पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला. रडला. एकदाच, पण रडला, हे मावशी आजही कुणाला खोडू देत नाही. मग तो निळा पडायला लागला. सुईण अनुभवी होती, तिनं सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "याचं काही खरं नाही. पाणी घालून घ्या." उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या होता. सासूनं तो उचललाही. तेवढ्यात दाराबाहेरून मिस्त्री ओरडला, "कुणी हात लावू नका! हे फादरचं काम आहे. मी त्यांना घेऊन येतो, तोवर थांबा."

सगळे थांबले. सासूनं तांब्या खाली ठेवला.

मिस्त्रीनं सायकल हाणली. फादर घरी नव्हते, पलीकडच्या वस्तीत एका आजाऱ्याकडे गेले होते. तो तिकडे गेला. तिथून ते निघाले होते. चुकामूक झाली. दोघं घामाघूम होऊन दारात पोचले तेव्हा सासू पदर तोंडात कोंबून बसली होती आणि बाळाच्या अंगावर कापड होतं. म्हातारे फादर उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "आता उपयोग नाही. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही." मग मावशीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रडू नकोस. ते लिम्बोत आहे. तिथं दुःख नसतं."

मधल्या सुट्टीसाठी ओरडून पाठ केलेला शब्द असा घरात शिरला.

आत पुरता येणार नाही, असंही ते म्हणाले. कबरस्तान आशीर्वादित जमीन. तिथं बाप्तिस्मा झालेल्यांनाच जागा. भिंतीच्या बाहेर, भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची एक चिंचोळी पट्टी होती. अशी बाळं तिथं ठेवायची रीत होती. क्रूस लावायचा नाही, प्रार्थना म्हणायची नाही. मिस्त्रीनं स्वतः खणलं. खूण म्हणून एक दगड ठेवला, तोही असा की बघणाऱ्याला सहज पडलेला वाटावा. तिथं असे बरेच दगड सहज पडलेले होते.

मग धाकटी मुलगी झाली, ती दवाखान्यात. तिलाही श्वास लागेना, तर दवाखान्यातल्या सिस्टरनं सरळ नळाखाली ओंजळ धरली, बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं, चार शब्द म्हटले आणि पुढच्या कामाला लागली. मावशी बघत राहिली. "सिस्टर, तुम्हाला चालतं?" तिनं विचारलं. सिस्टर म्हणाली, "अगं, न चालायला काय झालं? जीव जात असेल तर कुणीही घालावं. आईनं घालावं, शेजारणीनं घालावं. नियमच आहे तसा."

नियमच होता तसा. सुईणीला चाललं असतं, सासूला चाललं असतं. तुमच्या पुस्तकात होतं, आणि त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. लिम्बो घोकून घेतलात, पण तांब्या उचलायला शिकवलं नाहीत. तुम्हाला वेळ मिळाला नसेल.

मुलगी जगली, मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली. मावशीनं नवऱ्याला सिस्टरचं बोलणं कधी सांगितलं नाही. त्याला ते दुसरीकडून कळलं, कुणाच्या तरी बारशाला. त्या दिवशी तो घरी आला, सायकल भिंतीला टेकवली, आणि पुन्हा कधी तिच्यावर बसला नाही. कितीही लांबचं काम असो, पायी जाई. लोक म्हणत, मिस्त्री चिक्कू आहे, पंक्चरचे पैसे वाचवतो. 

चर्चचं काम तिला म्हाताऱ्या फादरांनीच दिलं होतं. कदाचित त्यांनाही काही टोचत असेल. वेदीवरची कापडं धुवायची, इस्त्री करायची, घडी घालून वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात ठेवायची. त्यात एक चौकोनी पांढरं कापड असतं. मिस्साच्या, म्हणजे वेदीवरच्या उपासनेच्या, वेळी प्याला आणि भाकरीचं ताट त्याच्यावर ठेवतात. ते कापड धुण्याची रीत वेगळी. पहिलं पाणी गटारात सोडायचं नाही. त्यात प्रभूच्या शरीराचा कण असू शकतो. ते पाणी मातीत ओतायचं, आणि तेही कुणाचा पाय पडणार नाही अशा मातीत.

"कुणाचा पाय पडणार नाही अशी जागा शोध," फादर म्हणाले होते.

मावशीनं शोधली. इतकी वर्षं ते पहिलं पाणी ती बादलीतून भिंतीबाहेर नेते आणि त्या दगडांच्या मध्ये ओतते. अगोदर फक्त आपल्या दगडापाशी ओतायची. मग तिला ओशाळल्यासारखं झालं. पंगतीत आपल्याच पोराला वाढल्यासारखं. तेव्हापासून थोडं थोडं सगळीकडे. तिथं फिरकतं कोण? ज्या मातीत प्रार्थना चालत नव्हती, तिथं ती देवाचं धुणं ओतत होती. याला नियमात नाव काय आहे ते तुम्ही बघा.

मग एके सकाळी एक मालाचा ट्रक मागे येता येता कबरस्तानच्या भिंतीत घुसला. अर्धी भिंत आडवी झाली, उरलेली कलली. चर्चच्या मंडळाची बैठक बसली. मंडळाचे सेक्रेटरी एका कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. हुद्दा गेला होता, बैठक घ्यायची सवय गेली नव्हती. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेबांनी ठरवलं की एवीतेवी बांधायचीच आहे तर भिंत जुन्या जागीच पण सरळ आणि उंच बांधू, आणि बाहेरच्या पट्टीवर फरशी घालून गाड्या लावायची सोय करू. रविवारी गाड्यांची फार पंचाईत होते. काम मिस्त्रीला मिळालं. चर्चचा माणूस, घरचा माणूस.

मिस्त्रीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मावशी भांडी विसळत होती.

"पट्टीवर फरशी?" ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी काही म्हणालो नाही. साहेब सांगत होते, मी ऐकत होतो."

"तुम्ही आयुष्यभर ऐकतच आलात. एकदाच ओरडलात, ते भलत्या वेळी."

हे तिच्या तोंडून निसटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मिस्त्री हातपाय धुवायला उठला आणि बराच वेळ पाणी सोडून उभा राहिला. मावशीनं एकच वाटी पुन्हा पुन्हा घासली.

त्याच आठवड्यात ती वेदीमागच्या खोलीत इस्त्री करत होती. दार उघडं होतं. चर्चमध्ये नवे फादर, तरुण, गोड गळ्याचे, लग्न झालेल्या जोडप्यांचा वर्ग घेत होते. एका पोटुशा पोरीनं विचारलं, "फादर, माझी आजी भीती घालते. म्हणते, बाप्तिस्म्याआधी काही झालं तर बाळ लिम्बोत जातं."

फादर हसले. वाईट हसू नव्हतं ते, आजीच्या गोष्टीवर हसावं तसं होतं. म्हणाले, "आजीला सांगा, तो शब्द आता आपण वापरत नाही. जुनी समजूत होती. तुम्ही खुशाल राहा."

पोरगी हसली, तिचा नवरा हसला, वर्ग पुढं गेला.

मावशीनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि बंद इस्त्री कापडावरून फिरवत राहिली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. इस्त्री पार थंड झाली तरी तिचा हात थांबला नाही.

वर्ग सुटल्यावर फादर कपाटाशी आले.

"फादर, एक विचारू?"

"विचारा की मावशी."

"मघाशी तुम्ही म्हणालात लिम्बो नाही."

"नाही असं नाही म्हणालो. वापरत नाही म्हणालो."

"म्हणजे माळ्यावर टाकलंय? जुन्या भांड्यासारखं?"

फादरना पुन्हा हसू आलं, पण मावशीचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. स्टूल ओढून बसले. त्यांनी नीट समजावून सांगितलं, हे त्यांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. म्हणाले, "त्या शब्दाचा मूळ अर्थ कडा. कापडाची किनार असते ना, तशी. जुन्या विद्वानांना कोडं पडलं होतं. बाळानं पाप केलेलं नाही, तेव्हा शिक्षा नको. पण बाप्तिस्मा नाही, तेव्हा स्वर्गाचं दार कसं उघडायचं? मग त्यांनी म्हटलं, कडेला राहू दे. ते त्यांचं मत होतं, मावशी. श्रद्धेचा भाग म्हणून ते कधी पक्कं झालं नव्हतं."

"मत."

"हो."

"आम्हाला तर छडीखाली पाठ करायला लावलं."

"तेव्हाची पद्धत तशी होती."

"आणि आता काय मत आहे?"

"आता आपण अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवतो. आशा ठेवतो की ती त्याच्याजवळच आहेत."

"कधीपासून?"

फादरनी चष्मा काढून पुसला. "असं एका दिवसात नाही झालं. हळूहळू मागे पडलं. मग वरिष्ठांनी लिहिलंही. पुस्तकांत आलंय ते."

"फादर, मी पुस्तकं धूत नाही, कापडं धुते," मावशी म्हणाली. "आम्हाला येऊन कुणी का नाही सांगितलं? लिम्बोत गेलं हे सांगायला घरापर्यंत आला होतात ना तुम्ही? तुम्ही म्हणजे तुमच्यातलेच."

मग तिनं सगळं सांगितलं. तांब्या, सायकल, पट्टी. रडली नाही. बाजारहाट सांगावी तसं सांगितलं. फादर खाली मान घालून ऐकत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते, हेही खरं.

"मग आता भिंत बांधायचीच आहे," ती शेवटी म्हणाली, "तर पट्टीच्या पलीकडून बांधा. बाळं आत येतील. मलाही उद्या आत पुरणार. मी आत आणि ते बाहेर, मधे भिंत, वर गाड्या. हे मला नको."

"मावशी, देवाला आत काय, बाहेर काय, सगळं सारखंच."

"देवाला सारखंच असेल तर आत घ्या की."

फादर उठले. "मंडळाला विचारावं लागेल," म्हणाले, "आणि आशीर्वादित जमिनीची हद्द वाढवायची तर वरची परवानगी लागते." बोलता बोलता त्यांचे डोळे कोरडे झाले. भरलेले डोळे किती लवकर कोरडे होतात ते बघायचं असेल तर अशा माणसाला मंडळाची आठवण करून द्यावी.

मंडळात पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. साहेब म्हणाले, "भावनेवर भिंती बांधता येत नाहीत. आज एकीचं ऐकलं तर उद्या सगळ्या येतील."

"येऊ देत की," मावशी दारातून म्हणाली. "यायलाच हव्यात. माझ्या एकटीचं बाळ नाही तिथं."

"मावशी, तुम्ही इस्त्री उत्तम करता. बैठकी आम्हाला करू द्या," साहेब म्हणाले, आणि दोघंतिघं हसले.

घरी नणंद आली होती. ती शिवणकाम करायची, तोंडानं फटकळ, पण वहिनीवर जीव. तिला सगळं कळल्यावर ती म्हणाली, "वहिनी, एवढी वर्षं गेली. आता कशाला खपली काढतेस? लोक म्हणतील म्हातारी चळली."

"वन्सं, तुम्ही कापडाची किनार कशी शिवता?"

"कशी म्हणजे? आत दुमडून."

"बाहेर सोडली तर?"

"दोरे निघतात. सगळं कापड उसवत जातं." नणंद थांबली. "हे काय आता?"

"काही नाही. फादरनी अर्थ सांगितला तेव्हापासून डोक्यात बसलंय."

मिस्त्री कोपऱ्यात बसून भिंतीच्या आखणीची दोरी गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही. फक्त म्हणाला, "दोरी मीच लावतो ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी साहेब मुलीकडे गेले, तिच्या घरी नातू झाला होता. मिस्त्रीनं कामाला हात घातला. कललेली जुनी भिंतही उतरवून मलबा उचलला, आणि दोरी जुन्या जागी लावलीच नाही. पट्टीच्या पार पलीकडे, रस्त्याच्या गटाराला चिकटून लावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायाही तिथंच खणला. मजुरांना टिकाव लावू दिला नाही. पायाचा सगळा चर त्यानं एकट्यानं, छोट्या पहारीनं खणला, मातीला जागं न करता खणावं तसा. मजूर म्हणाले, "मिस्त्री, असं खणलं तर भिंत पुढच्या जन्मी होईल." तो म्हणाला, "चहा प्या तुम्ही."

मावशी बादली घेऊन गेली तेव्हा तिला दिसलं. तिचे पाय जागीच थांबले. पट्टी, गवत, ते सहज पडलेले दगड, सगळे नव्या भिंतीच्या आतल्या बाजूला होते. भिंत गुडघ्याएवढी आली होती.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"काम जाईल तुमचं."

"जाऊ दे." त्यानं थापी सिमेंटमध्ये बुडवली, वीट बसवली, मुठीनं ठोकली. "त्या दिवशी मी आईला थांब म्हणालो. तेव्हा मला वाटलं, नियम पाळतोय."

"माहीत आहे मला."

"तू कधी बोलली नाहीस."

"बोलले परवा."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि पुढची वीट मागितली. मावशीनं बादली खाली ठेवली आणि वीट उचलून दिली. त्या दुपारी तिनं बऱ्याच विटा दिल्या. नव्या भिंतीकडे बघून रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हातारीनं डोक्यावरून पदर घेतला आणि पुढं गेली. तिचाही तिथं एक दगड होता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी म्हणत नव्हतं.

साहेब परत आले तेव्हा भिंत कमरेएवढी होती. ते आपली गाडी नेहमीसारखी मागे घेत होते. जिथं मोकळी जागा असायला हवी होती तिथं भिंत होती. गाडीचा मागचा दिवा फुटला. साहेब उतरले. अगोदर दिव्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग मिस्त्रीकडे.

"मिस्त्री, नकाशा वाचता येतो ना तुम्हाला?"

"येतो साहेब."

"मग ही भिंत इथं कशी आली?"

"चूक झाली."

"एवढी मोठी चूक?"

"मी चुका मोठ्याच करतो साहेब," मिस्त्री म्हणाला. "बायकोला विचारा."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांना उद्धटपणा तेवढा कळला. संध्याकाळी फादरना घेऊन मंडळ जागेवर आलं. सगळ्यांनी भिंतीची लांबी पायांनी मोजली, माना हलवल्या. ठरलं की सोमवारी भिंत पाडायची. मिस्त्रीनं पाडली तर ठीक, नाही तर दुसरा माणूस आणायचा. फादर सगळा वेळ गवताकडे बघत होते. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. जाताना मावशीला हळूच म्हणाले, "मी माझ्या प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवीन."

"मोठ्यानं ठेवा," मावशी म्हणाली. "मनातल्या मनात तर मीही ठेवते."

रविवारी तिनं धुवट साडी नेसली. नणंद दाराशीच भेटली आणि तिनं वहिनीचं मनगट धरलं. "काही बोलणार नाहीस ना? चारचौघांत तमाशा नको गं. म्हातारपणी लोक तोंड फिरवतील."

"वन्सं, हात सोडा. साडीच्या घड्या मोडतील."

"तुला माझी शपथ."

"शपथा आता वापरत नाहीत," मावशी म्हणाली. नणंदेला रडू आणि हसू एकदमच आलं. तिनं हात सोडला आणि तिच्या मागोमाग जाऊन त्याच बाकावर बसली.

चर्च भरलेलं होतं. वेदीवर मावशीनंच शनिवारी घातलेलं पांढरं कापड, एक सुरकुती नाही. मिस्सा झाला. शेवटी फादर सूचना वाचायला उभे राहिले. गायकांचा सराव, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. मग म्हणाले, "कबरस्तानच्या भिंतीच्या कामात काही गैरसमज झाला होता. तो उद्या दुरुस्त होईल. तोवर गाड्या जपून लावाव्यात."

मावशी उभी राहिली. अशा वेळी कुणी उभं राहत नाही. अगोदर लोकांना वाटलं तिला बरं वाटत नाही. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

"फादर, गैरसमज नाही झाला," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण चर्चच्या उंच छताखाली तो तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "माझ्या नवऱ्यानं जाणूनबुजून बांधली. मी विटा दिल्या."

"मावशी, आपण नंतर बोलू," फादर म्हणाले.

"नंतर नको. म्हाताऱ्या फादरनी मला सांगितलं ते याच चर्चच्या नावानं सांगितलं. इथंच बोलू."

पहिल्या बाकावरून साहेबांनी मागे वळून हातानं बसा-बसा केलं, कचेरीतल्या शिपायाला करावं तसं. मिस्त्री पुरुषांच्या बाजूला होता. तो उठला, मधली वाट ओलांडून बायकोच्या बाजूला येऊन उभा राहिला.  तो नुसता उभा होता, आपण बांधलेल्या भिंतीसारखा सरळ.

"माझा मुलगा रडला होता," मावशी म्हणाली. "जिवंत होता. तुमच्या लोकांनी सांगितलं, तो लिम्बोत गेला, म्हणून त्याला आत जागा नाही. आम्ही मान खाली घातली. नाव ठेवलं नाही, क्रूस लावला नाही, त्याच्यासाठी एक मेणबत्ती पेटवली नाही. का, तर लिम्बोतल्याला प्रार्थना पोचत नाही म्हणाले. आता तुम्ही म्हणता, तो शब्द वापरत नाही. ठीक. नका वापरू. पण तुम्ही वापरायचं सोडलंत, तेव्हा माझ्या दारात यायला हवं होतं. घर तुम्हाला माहीत होतं."

 फादरनी सूचनांचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

"मावशी, मी काय सांगू? मी तेव्हा जन्मलोही नव्हतो."

"तुम्हाला दोष नाही देत मी. तुम्ही त्यांच्या जागी उभे आहात, म्हणून तुम्हाला विचारते. ज्यांनी तुम्हाला इथं पाठवलं त्यांना विचारा, त्यांच्या वरच्यांना विचारा, पण उत्तर इथं, या सगळ्यांसमोर आणा. लिम्बो नव्हताच, तर तुम्ही माझं बाळ भिंतीबाहेर कशाला पुरायला लावलंत? आणि उद्या ती भिंत पाडून पुन्हा त्याला बाहेर काढणार, ते आता कुठल्या शब्दासाठी? मी खाली बसणार नाही, फादर. सांगा."